कणकेच्या गोळ्या

त्या शनिवारी अप्पा घडीभरसुद्धा एका जागी बसले नाहीत. सकाळची लिंगपूजा झाली, कपाळाला भस्म लागलं, पोहे अर्धे ताटलीतच राहिले आणि ते ओट्यावर जाऊन आभाळ बघून आले. परत आत. परत ओट्यावर. माझा धाकटा भाऊ रुद्रेश दुकानाच्या किल्ल्या घेऊन दारात उभा होता.

"अप्पा, दुकानात यायचं का न्हाई?"

"तू हो पुढं. येतो मी."

असं म्हणून ते पुन्हा आभाळाकडं बघायला लागले. रुद्रेशनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. श्रावणातले अप्पा आम्हाला नवे नव्हते.

अहमदपूरला बसस्टँडपासून जवळच आमचं भांड्यांचं दुकान आहे. मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, सुट्टीला घरी येते. त्या शनिवारी मी माजघरात पेपर वाचत होते आणि अप्पांच्या येरझारांनी तोच मथळा मला परत परत वाचावा लागत होता.

दुपारच्या आधी फोन आला. अप्पांना फोनवर कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर, आणि त्यामुळं त्यांचे इस्लापूरचे मित्र शेषेराव काय बोलतात ते आमचं सगळं घर ऐकायचं.

"अप्पा, पाऊस उघडला. पाणी उतरून राहिलं. काल चहावानी होतं, आज उसाच्या रसावानी झालं. उद्या निघाच."

"हाव," अप्पा म्हणाले. एवढंच. पण त्यांचा चेहरा असा झाला की मी पेपर खाली ठेवला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आलं म्हणा की महादेवाचं बोलावणं."

"आलं."

"कणीक उद्या सकाळी मळते. आत्ता मळली तर आंबंल."

"आत्ताच मळ. जरा आंबलेली बरी."

"महादेवाच्या माशांना आंबलेलं घालता?"

"त्यांना आवडतं."

"तुमच्या कानात येऊन सांगितलं जणू." आईनं परात ओढल्याचा आवाज आला. "गूळ किती घालू?"

"नेहमीएवढा. आणि हिंग जरा सढळ हातानं."

"मासे का आमटी वरपून राहिलेत?"

अप्पा हसले. आईही हसली. आई कणीक मळत होती, अप्पा दारात उभे राहून तिच्या हातांकडं बघत होते. घट्ट झाली का, गोळी पाण्यात फुटणार तर नाही ना, हे ते विचारत होते आणि ती त्यांना हाकलत होती. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

आईला ठाऊक होतं ते असं. लग्नाआधी अप्पा भांडी घेऊन किनवटकडचे आठवडी बाजार करत. तिकडं सहस्रकुंडाच्या महादेवाला त्यांनी काही नवस बोलला. तेव्हापासून दर श्रावणात एका सोमवारी ते तिथं जातात, नदीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, मित्राच्या घरी मुक्काम करतात आणि परत येतात. नवस काय होता, हे तिनं कधी विचारलं नाही. बोललेला नवस विचारला की फळत नाही, असं ती मानते. कणीक मात्र दर वर्षी तिच्याच हातची.

मला ठाऊक होतं ते असं. नदी चढते तसे मासेही वर सरकतात. सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी त्यांची वाट अडते, मग ते आजूबाजूच्या ओढ्यांत शिरतात. त्यातला एक ओढा शेषेरावांच्या वावराच्या कडेनं येतो. पूर ओसरत असताना, पाणी नितळायच्या आत, तिथं मोठाले सोनेरी खवल्यांचे मासे चढतात. पुस्तकांत त्यांना महाशीर म्हटलंय, शेषेराव नुसतं 'मोठा खवल्या' म्हणतात. अप्पा त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून काठीनं गळ टाकायचे. आईच्या कणकेची गोळी त्या गळाला लावलेली असायची.

मासा लागला की ते त्याला दमवून जवळ आणायचे. गळाचा उलटा काटा त्यांनी कानशीनं घासून टाकला होता, त्यामुळं गळ अलगद सुटायचा. मग डावा तळहात पाण्याखाली माशाच्या पोटाला लावून, त्याचं तोंड प्रवाहाकडं करून ते उभे राहायचे. मासा दमलेला असतो, लगेच सोडला तर उलटा होऊन वाहून जातो. त्याचा दम परत येईपर्यंत धरावं लागतं. शेपटीचा एक फटकारा बसला की अप्पा बोटं सैल करायचे आणि तळहात रिकामा व्हायचा.

मी नांदेडला शिकायला होते तेव्हा एका श्रावणात ते मला बरोबर घेऊन गेले. त्यानंतर मी बऱ्याचदा गेले. एकदा विचारलं, "अप्पा, खायचा नाही, मारायचा नाही, मग धरायचा कशाला?"

ते दोरीकडं बघतच बोलले. "ओढ बसती न, तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण हाय ते कळत न्हाई. तेवढा वेळ बरं वाटतं." मग म्हणाले, "दिसल्यावर काय, मासाच असतो."

हे घरी सांगू नको, असं ते कधीच म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही नव्हती. शेजारच्या भाडेकरूनं एकदा सुकट भाजली तेव्हा आईनं आमच्या बाजूनं भिंतीला चुना मारून घेतला होता.

शनिवारी संध्याकाळी अप्पांनी मला हळूच विचारलं, "यंदा येतीस का?" मी म्हणाले, "येते." रविवारी सकाळी ओट्यावर पिशवी भरून ठेवलेली होती, वर कणकेचा डबा. अप्पा बूट घालायला वाकले ते तसेच कलंडले. मी आतून चप्पल घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. फुलं लावलेल्या, पालखीसारख्या विमानात बसवून नेतात आणि बसवूनच समाधी देतात. भजन म्हणत सगळे चालले, आई चालली, मी चालले. खड्ड्यात उतरून मठाच्या स्वामींनी अप्पांच्या गळ्यातलं लिंग काढलं, त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. वरून बेलाची पानं, भस्म. सगळे हात जोडून उभे होते. मी त्या हाताकडं बघत होते आणि वाट बघत होते, आता अप्पा बोटं सैल करतील.

माती पडली तरी मी वाटच बघत होते.

शेषेराव आले होते. गर्दीच्या मागं टोपी हातात घेऊन उभे होते. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काठी माह्या घरी आढ्याला हाय. काय करू तिचं?"

"राहू द्या," मी म्हणाले.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं. मी चहा करत होते, कप विसळत होते, विसळलेले परत विसळत होते. एका जागी बसलं की पायाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. बसल्या बसल्या वाटायचं, पाणी नितळलं असेल, मासे परत फिरले असतील. मग उठून ओट्यावर जायचं आणि आभाळ बघायचं. रुद्रेश एकदा म्हणाला, "ताई, तू अप्पांसारखं करून राहिलीस." मग तोच आत जाऊन रडला.

पुढच्या शनिवारी आई भिंतीला टेकून बसली होती. समोर समाचाराला आलेल्या बायका. ती एकदम म्हणाली, "सोमवारी श्रावणातला शेवटचा सोमवार हाय. त्यांचा नेम राहिला. मी जाणार."

"आई, एवढ्यात?" रुद्रेश म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? आपल्यात सुतक असतं का? माणूस शिवाकडं गेलं. त्याचा नेम मोडला तर ते तिथं तोंड कसं दाखवतील?" मग माझ्याकडं वळली. "तू गेलीस न त्यांच्यासंगं. ते जे जे करायचे ते सगळं मला दाखवायचं. जागा तीच, गोळी तशीच. कमी न्हाई, जास्त न्हाई."

मी म्हणाले, "बघू."

"बघू काय? गाडी तुझी हाय."

सोमवारी उजाडताच निघालो. मागच्या सीटवर कणकेचा डबा. आईनं रविवारीच मळून आंबवायला ठेवली होती. गाडीभर गुळाचा आणि हिंगाचा वास कोंडला होता. काच खाली केली तर आईला वारा लागायचा, वर केली तर मला श्वास घेता येत नव्हता. लोहा गेलं, नांदेड गेलं. भोकरला पेट्रोल भरायला थांबले आणि आई तोंड धुवायला गेली तसा शेषेरावांना फोन लावला.

"काका, आईला काही माहीत नाही. तुम्ही जरा सांभाळून घ्या."

 मग शेषेराव म्हणाले, "पोरी, श्रावण सोमवार हाय. आज मी खोटं बोलणार न्हाई."

"खोटं नका बोलू. गप्प राहा."

"गप राहतो. पण आमच्या बायकोचं, तारामतीचं तोंड माह्या हातात न्हाई."

हिमायतनगरच्या पुढं रस्ता ओला होता. रात्री शिंतडून गेलं असावं. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कापूस, मधूनच सागाची दाटी. आई विचारत होती. इथं ते थांबायचे का? चहा कुठं घ्यायचे? पाण्यात उतरायचे का काठावरूनच गोळ्या टाकायचे? मंत्र म्हणायचे का नुसतं नाव घ्यायचे? मी हो, नाही, आठवत नाही, असं काहीबाही बोलत होते. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एकही खरं नव्हतं.

सहस्रकुंडाला यात्रेएवढी गर्दी. धबधब्याचा आवाज गाड्यांच्या रांगेपर्यंत येत होता. देवळात रेटारेटी. आईनं पुजाऱ्याला गाठलं.

"अहमदपूरचे गुरुपादप्पा. भांड्यांचे व्यापारी. दर श्रावणात यायचे तुमच्याकडं."

"हो हो," पुजारी म्हणाला आणि तिच्या हातातला बेल घेऊन पुढच्या बाईकडं वळला.

तेवढ्यानंच आईचं समाधान झालं. बाहेर येऊन म्हणाली, "बघ, ओळखतात."

शेषेरावांच्या घरी तारामतीकाकूंनी आईला पाय धुवायला पाणी दिलं आणि तिला मिठी मारून रडल्या. मग आत नेलं. चुलीच्या वरच्या फळीवर पितळी पातेलं, झाकण, एक ताट, एक तांब्या वेगळे ठेवलेले होते.

"ही अप्पाची भांडी. आमचं काही लागू देत न्हवते मी त्याला. तुमच्याच दुकानातली हायेत." काकूंनी पातेलं खाली काढलं. "अप्पा आले की घरात नुसतं वरण-भात. आमचे पोरं म्हणायचे, नदीकाठी राहून उपास! मी म्हणलं, गप बसा, तो बिचारा दिवसभर पाण्यात उभा राहून..."

"तारा," शेषेराव म्हणाले, "भाकरी जळून राहिली."

"चुलीवर भाकरी हायेच कुठं?"

"मग टाक."

आईनं त्या पातेल्यावरून हात फिरवला. तळाला आमच्या दुकानाचा ठप्पा होता. तिचे डोळे भरले आणि ती हसली. "दिवसभर पाण्यात उभं राहायचे? गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावर बसत न्हवते." मी वर पाहिलं. आढ्याला, पत्र्याखाली, जुन्या धोतरात गुंडाळलेली काठी आडवी बांधलेली होती. शेषेरावही तिकडंच बघत होते. आम्ही दोघांनी एकदमच नजर खाली आणली.

जेवण झालं. तेवढ्या वेळात मी दोनदा उठून अंगणात जाऊन आले. ओढ्याचा आवाज घरापर्यंत येत होता. आई डबा उचलून उभी राहिली. "चला. जागा दाखवा."

कापसाच्या कडेनं आम्ही ओढ्यावर गेलो. पुढं शेषेराव, मग आई, मग मी. पाणी अजून चांगलं होतं, हिरवट, खडकांमधून दणादणा येणारं. जिथं कातळाची पायरी आहे आणि खाली डोह, तिथं अप्पा उभे राहायचे. मी काही म्हणायच्या आत एक मासा पाण्याबाहेर आला, पायरीवर आदळला आणि परत खाली पडला. मग दुसरा. उन्हात त्याची कूस चमकली.

"अगं बाई!" आई जागच्या जागी थांबली. "हे काय करून राहिलेत?"

"वर चढून राहिलेत, वहिनी," शेषेराव म्हणाले. "अंडी घालाया जातात. पाणी उतरायच्या आत पोचावं लागतं त्यांना."

आईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि काठावरच्या खडकावर बसली. डबा उघडला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले, ओठ हलले. मग कणकेची गोळी करून पाण्यात टाकली.

गोळी पडली तशी प्रवाहानं ओढून नेली. दुसरी टाकली. ती फेसात गेली. तिसरी पायरीवर आपटून फुटली. मासे उड्या मारत होते, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि गोळीकडं एकानंही तोंड वळवलं नाही. आई टाकत राहिली. आधी सावकाश, नाव घेत. मग भराभर. मग मुठीनं.

"वहिनी," शेषेराव म्हणाले, "वाहत्या पाण्यात अशी न्हाई थांबत ती. तिला खाली शिशाचं वजन..."  माझ्याकडं बघून त्यांनी मान वळवली आणि दहा पावलं मागं जाऊन बाभळीखाली उभे राहिले.

आईनं ऐकलं नव्हतं. डबा निम्मा झाला होता. तिचे हात कोपरापर्यंत ओले, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. ती माझ्याकडं वळून काही बोलली. पाण्याच्या आवाजात मला फक्त ओठ दिसले. मी खडकावर तिच्याजवळ जाऊन बसले.

"खाईनात," ती म्हणाली. "त्यांच्या हातचं खायचे. माझं खाईनात." तिनं डब्यात बघितलं. "काही चुकलं का ग? गूळ तेवढाच घातला. हिंग पण. मी मनात काही वाईट आणलं न्हाई." मग बारीक आवाजात, इतक्या बारीक की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला, "का ते माझ्यावर रागावून गेले? त्या सकाळी मी म्हणलं, गुडघे दुखतात तर यंदा जाऊ नका. माझं बोलणंच आडवं आलं का?"

एक मासा पायरीवर चढला. क्षणभर उथळ पाण्यात पाठ बाहेर काढून थरथरला आणि वरच्या प्रवाहात निघून गेला. आईनं तिकडं बघितलंही नाही. ती डब्याचं झाकण लावत होती, ते बसत नव्हतं, ती पुन्हा पुन्हा दाबत होती.

आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. अप्पा नाही, मी तर नाहीच. मी म्हणाले, "आई, ते माशांना गोळ्या घालत नव्हते."

"काय?"

"गोळ्या घालत नव्हते ते."

"ऐकू येईना. मोठ्यानं बोल."

मी तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं. बाभळीखाली शेषेराव उभे होते. त्यांच्या मागं कापसातल्या बायका कामं थांबवून आमच्याकडं बघत होत्या.

"आई, अप्पा इथं मासे धरायचे!" मी ओरडले. "गळानं! इथंच उभं राहून!"

आईचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"मारत नव्हते! एकही मारला नाही! असा डाव्या हातावर घ्यायचे, पाण्याखाली, पूजेला लिंग घेतात तसा, आणि त्याच्यात दम आला की सोडून द्यायचे! मी बघितलंय, मी इथं त्यांच्या शेजारी उभी असायचे! ते तुझ्यावर रागावले नव्हते! त्या सकाळी ते इतके खुशीत होते, आई, बूटसुद्धा त्यांना नीट घालवेना! आणि मासे त्यांच्या हातचं खात नव्हते! गळाला तुझी कणीक असायची! दर वर्षी तुझीच! दुसऱ्या कशावर एकही आला नाही!"